पाण्याच्या मागावर: नामिबियातली फोटोग्राफी सफारी म्हणजे नेमकं काय?

नामिबियाला फोटो काढायला जायचं मनात आलं की पहिला धक्का खर्चाचा बसतो. तीच ठिकाणं दाखवणारी साधी सहल एका किमतीत मिळते आणि नावात ‘फोटोग्राफी सफारी’ असलेली सहल तिच्यापेक्षा बरीच महाग असते. या जास्तीच्या पैशांत कॅमेऱ्याची शिकवणी मिळत असेल, असा बहुतेकांचा समज होतो. शिकवणी मिळतेही, पण ती आता घरबसल्या फुकटसुद्धा मिळते. खरे पैसे मोजायचे असतात ते योग्य वेळी योग्य जागी उभं राहता यावं म्हणून. आणि या कोरड्या देशात कुठली जागा, कुठली वेळ हे पाणी ठरवतं. धुकं कुठवर सरकतं, कुठली नदी वाळूत अडली, कुठल्या झऱ्यावर कोण प्यायला येतं, हे ज्याला वाचता येतं तो चांगला वाटाड्या.

आधी देशाचा अंदाज घेऊ. नामिबिया आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या अडीच पटींहून जास्त आणि लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेप्रमाणे ३० लाखांच्या आसपास. एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. त्यामुळे तासन्‌तास गाडी चालते आणि वाटेत गाव लागत नाही. राजधानी विंडहुकपासून वाळूच्या टेकड्यांपर्यंत जायला पाच तास सहज लागतात आणि त्यातला बराच रस्ता खडीचा असतो. नकाशावर जवळ दिसणारी ठिकाणं एका आठवड्यात कोंबणारी सहल फोटोसाठी निरुपयोगी ठरते, ती यामुळेच.

समुद्र शेजारी आणि तरी वाळवंट

अटलांटिकच्या काठाकाठाने बेंग्वेला नावाचा सागरी प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. त्याचं पाणी थंडगार असतं. त्यावरची हवाही थंड आणि जड होते आणि खालीच राहते. पावसाचे ढग व्हायचे तर दमट हवा उंच चढावी लागते. इथे ती चढतच नाही. हवेतला ओलावा धुकं होऊन जमिनीवर सरकत येतो आणि ऊन वाढलं की विरतो. किनाऱ्यावर वर्षाला २० मिलिमीटरसुद्धा पाऊस धड पडत नाही. निदान साडेपाच कोटी वर्षं हा पट्टा कोरडा किंवा अर्धकोरडा राहिला आहे, म्हणून नामिब जगातल्या सर्वांत जुन्या वाळवंटांत गणलं जातं.

इतका काळ मिळाल्यावर जीव त्या धुक्यावर जगायला शिकले. इथला एक काळा भुंगेरा धुक्याच्या सकाळी वाळूच्या धारेवर चढतो, वाऱ्याकडे पाठ उंच करून डोकं खाली घालून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि ओघळून त्याच्या तोंडात जातात. पडद्यासारखी कातडी असलेल्या पायांची पाल स्वतःच्या डोळ्यांवर जमलेलं दव जिभेने चाटून घेते. घोणसकुळातला एक छोटा साप स्वतःला वाळूत पुरून घेतो आणि फक्त डोळे बाहेर ठेवतो. स्वाकोपमुंड या किनाऱ्यावरच्या गावातून असे जीव दाखवणारे वाटाडे सकाळी बाहेर पडतात. तिथे मोठ्या लेन्सचा काही उपयोग नाही, जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स हवी. सकाळचं धुकं असेल तर प्रकाश मऊ असतो, सावल्या कडक पडत नाहीत. ‘आज ऊन नाही’ म्हणून हॉटेलात बसून राहणारे यालाच मुकतात.

याच भागात गाडीच्या ठरलेल्या वाटेबाहेर चाक घालायचं नाही. खडीच्या मैदानांवर दगडफुलाचा अतिशय हळू वाढणारा थर असतो. त्यावरून एकदा चाक गेलं की खूण कित्येक दशकं दिसत राहते. वाळवंट म्हणजे रिकामी जागा, तिथे काय बिघडणार, असं वाटणाऱ्याने ती खूण एकदा पाहावी.

डेडव्लेईचा तो एक तास

नामिबियाचा जो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो डेडव्लेईचा: पांढरी भेगाळलेली जमीन, काळी वठलेली झाडं, मागे नारिंगी भिंत. पुष्कळांना ते चित्रच वाटतं. तो कसा घडतो हे समजलं की अशा सफारीचं सगळं गणित समजतं.

त्साउचाब नावाची नदी नाउक्लुफ्टच्या डोंगरांतून निघते आणि समुद्राला मिळायच्या आत वाळूत संपते. पूर्वी तिचं पाणी आणखी आत शिरायचं आणि त्या ओलीवर बाभळीच्या कुळातली उंटकाटा नावाने ओळखली जाणारी झाडं वाढली. मग वाळूच्या टेकड्या सरकल्या, वाट बंद झाली, पाणी तुटलं. झाडं काही शतकांपूर्वी मेली. पण कुजायला ओल लागते, वाळवी आणि बुरशी लागते. इथे त्यातलं काही पुरेसं नाही. झाडं उभ्याउभ्या वाळली आणि उन्हाने काळी पडली. पांढरी जमीन म्हणजे त्या नदीने आणून टाकलेला गाळ.

मागच्या टेकड्यांची वाळूही पाण्यानेच आणली. ऑरेंज नदी आफ्रिकेच्या आतल्या उंच भागातून ती समुद्रात ओतते, लाटा आणि प्रवाह ती उत्तरेला ढकलतात आणि वारा किनाऱ्यावरून आत उडवतो. कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर असतो. किनाऱ्याजवळची वाळू फिकी दिसते आणि आत जावं तशी लाल होत जाते. हा वाळूचा समुद्र २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. डेडव्लेईला लागून असलेली ‘बिग डॅडी’ नावाची टेकडी सव्वातीनशे मीटर उंच आहे.

आता प्रकाश पाहा. डेडव्लेई ही टेकड्यांनी वेढलेली खोलगट जागा आहे. सूर्य उगवला की आधी पश्चिमेकडच्या टेकडीचा उतार उजळतो. खालच्या जमिनीवर पूर्वेकडच्या टेकडीची सावली अजून पडलेली असते. त्या थोड्या वेळात मागची वाळू पेटल्यासारखी नारिंगी, झाडं काळी छाया आणि जमीन आकाशाच्या उजेडात निळसर होते. लांब पल्ल्याची लेन्स लावली की मागचा उतार झाडांना चिकटून आल्यासारखा दिसतो. सूर्य आणखी वर आला की जमिनीवर ऊन पडतं आणि तो परिणाम संपतो.

मुद्दा आहे फाटकाचा. सेस्रीम इथे उद्यानाचं फाटक आहे आणि तिथून आत ६० किलोमीटर डांबरी रस्ता, पुढे ५ किलोमीटर मऊ वाळू, जिथे चारही चाकांना जोर देणारी गाडीच चालते. मग एक किलोमीटरहून थोडं जास्त पायी. बाहेरचं फाटक सूर्योदयाला उघडतं. जे उद्यानाच्या आत मुक्कामाला असतात, त्यांच्यासाठी आतलं दुसरं फाटक सूर्योदयाच्या तासभर आधी उघडतं. बाहेर राहिलेला माणूस कितीही पहाटे उठला तरी डेडव्लेईला पोहोचेपर्यंत जमिनीवर ऊन आलेलं असतं. महाग कॅमेरा, अनुभवी मार्गदर्शक, काही असलं तरी तो फोटो गेलेला असतो. म्हणून सहलीचं पत्रक हातात आलं की मी सगळ्यात आधी हेच शोधते: सेस्रीमचा मुक्काम फाटकाच्या आत की बाहेर? आणि रात्री किती? एका रात्रीत एकच सकाळ मिळते. त्या सकाळी वारा सुटला तर वाळू उडून समोरचं काही दिसत नाही. किमान दोन रात्री हव्यात, तीन मिळाल्या तर फारच उत्तम.

टेकड्यांचे फोटो काढताना नवखे लोक रुंद लेन्स लावून सगळं दृश्य पकडायला जातात आणि हाती येते ती लालसर सपाट जमीन. टेकडीचं सौंदर्य तिच्या धारेत आहे: एक बाजू उजेडात, एक अंधारात, मधे नागमोडी रेघ. ती रेघ १०० ते ४०० मिलिमीटरच्या लेन्सने वेचून काढावी लागते. एखादा ओरिक्स, म्हणजे भाल्यासारख्या सरळ शिंगांचा मोठा हरीणवर्गीय प्राणी, उतारावरून चालत गेला तर त्याच्या ठिपक्यावरून टेकडीचा आकार कळतो. आणि धारेवरून चालायचं ते सगळ्यांचे फोटो झाल्यावर. एका माणसाच्या पाऊलखुणा बाकीच्यांची सकाळ खराब करतात. चांगला म्होरक्या हे गाडीतून उतरण्याआधीच सांगतो. डेडव्लेईतल्या झाडांना हात लावायचा नाही, त्यांना टेकायचंही नाही. ती मोडली तर पुन्हा उगवणार नाहीत.

एटोशा: पाणवठ्यावर बसून राहणं

उत्तरेला एटोशा राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे २२,००० चौरस किलोमीटरचं. १९०७ मध्ये, जर्मन वसाहतीच्या काळात, ते राखीव झालं. मधोमध जवळजवळ ४,८०० चौरस किलोमीटरचं खारट, पांढरं, सपाट तळं आहे आणि वर्षाचा बहुतेक काळ ते कोरडं असतं. त्याच्या दक्षिण काठावर जमिनीतलं पाणी झऱ्यांनी वर येतं. काही ठिकाणी कूपनलिका खोदून पाणवठे केले आहेत.

ताडोब्यात एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर थांबलेल्यांना हे तंत्र नवं नाही. मे ते ऑक्टोबर हा इथला कोरडा काळ. रानातली डबकी आटतात आणि सगळ्यांना मोजक्या पाण्यावर यावंच लागतं. प्राण्यांच्या मागे गाडी पळवण्यापेक्षा पाणवठा निवडायचा, ऊन पाठीशी राहील अशी गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. ओकाकुएयोजवळचा नेब्राउनी हत्तींसाठी प्रसिद्ध आहे, पूर्वेकडे नामुतोनीजवळचा चुडोप जिराफांसाठी. जिराफ पाणी प्यायला पुढचे पाय फाकवून वाकतो तेव्हा तो सगळ्यांत असहाय असतो, म्हणून आधी कितीतरी वेळ उभा राहून चहूकडे पाहतो. तेवढ्यात कंटाळून निघून गेलेल्या गाड्यांना तो वाकलेला दिसत नाही. शेवटी मान वर उचलतो तेव्हा तोंडातून पाण्याची कमान उडते. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर आधीच लावून ठेवलेलं असेल तरच ती मिळते.

एटोशाचे हत्ती पांढुरके दिसतात, कारण ते इथल्या चुनखडीच्या मातीत लोळतात. पांढरी जमीन, पांढरी धूळ, पांढरा हत्ती. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हे सगळं करडं करून टाकतो, कारण त्याला सरासरी दृश्य करड्याच्या आसपास असावं असं शिकवलेलं असतं. तेव्हा एक्स्पोजर अर्ध्या ते एका टप्प्याने वाढवायचं आणि पांढरा भाग जळत नाही ना, हे हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, तपासायचं.

दुसरी अडचण कुठल्याही किमतीच्या लेन्सने सुटत नाही. सकाळी नऊ-दहानंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरते आणि दूरचा प्राणी मऊ, वितळल्यासारखा दिसतो. लोक लेन्सला दोष देतात. दोष मधल्या हवेचा असतो. उपाय दोनच: जवळचा प्राणी टिपा किंवा कॅमेरा ठेवून जेवायला जा. फोटोग्राफी सफारीत दुपार मोकळी ठेवतात ती आळसाने नव्हे. पहाट आणि संध्याकाळ कामाची, मधला वेळ विश्रांतीचा आणि काढलेले फोटो पाहून चर्चा करण्याचा.

रात्री मात्र पुन्हा बाहेर यायचं. एटोशात मुक्कामाच्या आवारांची फाटकं सूर्यास्ताला बंद होतात, पण ओकाकुएयोच्या आवाराला लागूनच पाणवठा आहे आणि त्यावर रात्रभर दिवे असतात. दगडी कठड्याअलीकडे बाकावर बसून समोर काळे गेंडे पाणी पिताना पाहायचे. जगातून जवळजवळ नाहीसा होत आलेला हा प्राणी इतक्या शांतपणे, इतक्या जवळून फार थोड्या ठिकाणी दिसतो. पिताना तो काही क्षण स्थिर उभा राहतो. तेव्हा कॅमेरा कठड्यावर टेकवून, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० ठेवून सेकंदाच्या तिसाव्या-साठाव्या भागातही फोटो येतो. पाणी स्थिर असेल तर प्रतिबिंबासकट. फ्लॅश वापरायचा नाही, बोलायचंही नाही.

वाळूखालून वाहणाऱ्या नद्या

डमारालँड आणि काओकोलँड हे वायव्येकडचे भाग मला स्वतःला सगळ्यांत मोलाचे वाटतात. होआनिब, हुआब, उगाब या नद्यांना आत पाऊस झाला तरच काही दिवस पाणी येतं. एरवी त्या वाळूच्या रुंद पट्ट्या असतात. पण वाळूखाली ओल राहते आणि त्या ओलीवर पात्रात मोठी झाडं उभी असतात. ‘वाळवंटी हत्ती’ म्हणतात ते या पात्रांतून फिरतात. ती वेगळी जात नाही. सवाना हत्तीच, फक्त इथे राहायला शिकलेला. कुठे खोदलं तर पाणी लागतं आणि कुठल्या झाडाच्या शेंगा कधी पडतात, हे म्हाताऱ्या हत्तिणींना ठाऊक असतं आणि कळप त्यांच्या मागे चालतो. वाटाडेही तेच करतात: पात्रात ताजी लीद, पाऊल, मोडलेली फांदी पाहत जातात. इथले काही सिंह थेट किनाऱ्यावर जाऊन सील आणि पाणपक्षी मारतात. फिलिप स्टॅन्डर या संशोधकाने अनेक वर्षं या सिंहांचा माग ठेवून ते नोंदवलं आहे.

हा भाग बहुतेक राष्ट्रीय उद्यानात येत नाही. इथे गुरं पाळणारी माणसं राहतात आणि प्राणी त्यांच्यामधून फिरतात. १९९६ च्या कायदादुरुस्तीने गावसमूहांना आपापल्या भागात ‘कन्झर्व्हन्सी’ स्थापन करून वन्यजीवांपासून मिळणारं उत्पन्न स्वतःकडे ठेवायचा हक्क मिळाला. पहिल्या चार १९९८ मध्ये नोंदल्या गेल्या, आज ऐंशीहून जास्त आहेत आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याकडे आहे. सिंहाने गाय मारली तर नुकसान तिथल्या घराचं होतं. त्या घराला हत्ती-सिंह जिवंत असण्याचा काही लाभ झाला तरच ते टिकतील, ही साधी आणि न्याय्य गोष्ट आहे. म्हणून आयोजकाला विचारावं: वाटाडे तिथल्याच कन्झर्व्हन्सीचे आहेत का? मुक्कामाच्या पैशातला वाटा गावाला जातो का?

पाल्मवाग भागात काळे गेंडे कुंपणाशिवाय मोकळे फिरतात. १९८२ पासून काम करणाऱ्या ‘सेव्ह द र्‍हायनो ट्रस्ट’चे मागकाढे रोज पायी त्यांचा माग घेतात. शिकाऱ्यांपासून वाचवायला नामिबियाने १९८९ मध्ये गेंड्यांची शिंगं भूल देऊन कापायला सुरुवात केली. असं करणारा तो पहिला देश. त्यामुळे फोटोत शिंग आखूड दिसलं तर नाराज होऊ नये. किती अंतरावर थांबायचं हे मागकाढा ठरवतो, वाऱ्याची दिशा पाहून. आणि फोटो टाकताना त्यातली जागेची नोंद काढून टाकायची, कुठला ओढा, कुठला डोंगर हेही लिहायचं नाही. ती माहिती शिकारीही वाचतात.

हिंबा या इथल्या पशुपालक समाजाच्या वस्तीला भेट असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवून जावं. आधी दुभाष्यामार्फत बोलणं, मग परवानगी, मग फोटो. वस्तीत पाय ठेवताच लेन्स रोखणाऱ्या सहलीबरोबर मी कुणालाही जाऊ नका असंच सांगेन.

चित्त्यांबद्दल आपल्याकडे कुतूहल असणं साहजिक आहे. कुनोत १७ सप्टेंबर २०२२ रोजी सोडलेले पहिले आठ चित्ते नामिबियातूनच आले. तिथले बहुतेक रानटी चित्ते उद्यानांत नाहीत, तर खासगी शेतजमिनींवर राहतात, कारण तिथे सिंह आणि तरस कमी. ते सहजी दिसत नाहीत. पत्रकात ‘चित्ता नक्की दिसेल’ लिहिलं असेल तर तो बहुधा कुंपणातला असतो. त्याचा फोटो काढायला हरकत नाही, पण तसं फोटोखाली लिहावं.

किनारा आणि हिऱ्यांचं ओसाड गाव

केप क्रॉसला हजारो सील असतात आणि वासही तितकाच. १४८६ च्या सुमारास पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काँव याने इथे दगडी क्रूस रोवला. त्याच वाटेने पुढे पोर्तुगीज भारतात आले. दक्षिणेला ओरान्येमुंडजवळ हिऱ्याच्या खाणीत २००८ साली भारताकडे निघालेलं एक पोर्तुगीज जहाज सोन्याच्या नाण्यांसकट सापडलं. १५३३ मध्ये लिस्बनहून निघालेलं ‘बोम जेझुस’ ते हेच, असं संशोधक मानतात. बेंग्वेलाच्या धुक्याने अशी किती जहाजं या किनाऱ्यावर चढवली. १९०९ मध्ये रुतलेलं ‘एडुआर्ड बोलेन’ आज वाळूत, समुद्रापासून काहीशे मीटर आत उभं आहे आणि छोट्या विमानातून त्याचा फोटो उत्तम मिळतो. विमानात लेन्स खिडकीच्या चौकटीला टेकवू नका, थरथर उतरते.

लुडेरिट्झजवळचं कोल्मन्सकोप हे हिऱ्यांमुळे वसलेलं गाव. १९०८ मध्ये झकारियास लेवाला या रेल्वे कामगाराला तिथे हिरा सापडला. १९५६ पर्यंत गाव ओस पडलं. आता खोल्याखोल्यांत वाळू शिरली आहे. फोटोग्राफरसाठी पहाटे आत सोडणारा वेगळा परवाना मिळतो, तो सहलीत धरलेला आहे का ते पाहावं.

सामान, गाडी आणि तारीख

एका गाडीत प्रत्येकाला खिडकी हवी, मधे बसणारा कुणी नको. नेता आणि स्थानिक वाटाड्या ही दोन वेगळी माणसं असावीत: एकाला प्रकाश कळतो, दुसऱ्याला जनावर. दोन कॅमेरे असतील तर एकावर मोठी, एकावर छोटी लेन्स लावून ठेवा आणि बाहेर धुळीत लेन्स बदलूच नका. लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामी न्या आणि तिथल्या दुकानातून तांदूळ घेऊन भरा. ड्रोन उद्यानांत परवानगीशिवाय उडवता येत नाही. जून-जुलैच्या पहाटे पारा शून्याजवळ जातो, हातमोजे हवेत. अदिस अबाबामार्गे प्रवास असेल तर परतताना पिवळ्या तापाच्या लशीचा नियम लागू होतो का, हे तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या.

प्राण्यांसाठी जुलै ते सप्टेंबर सर्वांत चांगला काळ. ऑक्टोबरला उकाडा आणि धूळ. फेब्रुवारी-मार्चला प्राणी पांगलेले, पण आकाशात ढग, विजा, गवत हिरवं, आणि पाऊस भरपूर झाला तर एटोशाच्या तळ्यात रोहित. निसर्गदृश्यांची आवड असणाऱ्यांनी हा काळ आवर्जून पाहावा.

आणि चंद्र. नामिबरँड अभयारण्य २०१२ पासून आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेलं आकाश, आहे. मेपासून ऑगस्टपर्यंत आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग तिथे जवळजवळ डोक्यावर येतो. आपल्याकडे क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकू तिथे उंच असतो आणि महाराष्ट्रातून दिसतच नाहीत म्हणावं असे मॅगेलनचे दोन्ही मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, साध्या डोळ्यांनी दिसतात. पण पौर्णिमेच्या आसपास गेलात तर यातलं फार थोडं हाती लागेल. घरातली दिनदर्शिका यासाठी पुरेशी आहे, दोन देशांच्या वेळेत फरक साडेतीन तासांचाच. अमावास्येच्या आधी-नंतरचे तीन-चार दिवस वाळूच्या टेकड्यांच्या भागात येतील असा कार्यक्रम मागा. आयोजकाने ‘चंद्राने काय फरक पडतो’ असं विचारलं तर दुसरा आयोजक शोधा.